तबकडीचा आवाज आणि त्याची घडण

खामगांवचें नांव निघालें कीं प्रथम कापूस आठवतो आणि त्यामागून चांदी. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत आगगाडीचा फांटा काढला गेला तो कापसासाठींच, आणि त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. बाजारपेठ वाढते तेथें पैसा येतो, आणि पैशामागून हौसही येते. वऱ्हाडांतील अशा गांवांच्या सुखवस्तु घरांतून एके काळीं चावीचा ग्रामोफोन असे आणि त्याच्याबरोबर लाखेच्या काळ्या तबकड्यांची चळत असे. ग्रामोफोन बहुतेक मोडीत गेले. तबकड्या मात्र माळ्यावर, लोखंडी ट्रंकेंत, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या अजून सांपडतात.

अशा घरांपैकीं एक घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. घरांत ऐंशी उलटलेली आजी आहे आणि सुटींत पुण्याहून आलेला नातू आहे. नातू ट्रंक उघडतो, तबकड्या एकेक करून बाहेर काढतो आणि ओल्या मऊ फडक्यानें पुसतो. पुसण्यासाठीं त्यानें स्पिरिट घेतलें नाहीं हें फार बरें केलें. लाख स्पिरिटांत विरघळते, आणि धूळ जावी म्हणून फिरविलेल्या फडक्याबरोबर गाणेंही निघून जातें. आजीला त्या ढिगांतील एकच तबकडी हवी आहे. ती तिच्या वडिलांची आवडती. तेव्हांच्या एका नाटकांतील पद, एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचें. साठ-सत्तर वर्षांत तें तिच्या कानीं पडलेलें नाहीं. नातवाजवळ टर्नटेबल आहे, प्रीअँप्लिफायर म्हणजे ज्याला थोडक्यांत प्रीअँप म्हणतात तो आहे, हेडफोनसाठीं निराळा अँप्लिफायर आहे आणि हेडफोनही उत्तम आहे. एवढी सामुग्री असूनही पहिल्या दिवशीं आजीनें हेडफोन कानांवरून उतरवून खालीं ठेवला आणि ती म्हणाली, "हें गाणं तें नव्हे रे बाप्पा."

तबकडी तीच होती. गाणेंही तेंच होतें. मग बिघडलें काय? आजचा विषय तो आहे.

हेडफोन ही आजकालच्या तरुणांची टूम आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति उलट आहे. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां साध्या संचांवर ऐकणारे लोक कानाला हेडफोन लावूनच ऐकत. सबंध खोलीला ऐकविणारा लाउडस्पीकर हा श्रीमंती मामला होता. सर्वांत स्वस्त संच स्फटिकाचा. गॅलिना नामक खनिजाच्या खड्याला बारीक तार टेंकविली कीं तो बिनतारी लहरी पकडीत असे. या खड्याचा असा उपयोग करणाऱ्यांत आपले जगदीशचंद्र बोस हे अग्रेसर होते, आणि त्याचें अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ सालीं मिळालें. स्फटिकाच्या संचाला बॅटरी लागत नसे, पण त्याला स्वतःचें बळही नसे. हवेंतून जेवढें येईल तेवढेंच तो कानापर्यंत पोंचवी. मुंबईचें तेव्हांचें क्षेपणयंत्र अवघें दीड किलोवॉटचें, आणि खामगांव तेथून सरळ रेषेंत चारशें किलोमीटरांहून अधिक दूर. तेव्हां मुंबईच्या उपनगरांत जें फुकट ऐकूं येई तें बुलढाणा जिल्ह्यांत ऐकावयाचें तर व्हॉल्व्हचा संच पाहिजे, रात्र पाहिजे आणि थोडें दैवही पाहिजे. नागपूरचें केंद्र निघालें तें १६ जुलै १९४८ रोजीं. तोंवर वऱ्हाडच्या श्रोत्याला 'आवाज वाढविणें' ही गोष्ट चैनीची नव्हती. ती केल्यावांचून ऐकूंच येत नसे.

आवाज वाढविण्याची ही विद्या व्हॉल्व्हनें दिली. अमेरिकेंतील ली डी फॉरेस्ट यानें १९०६ सालीं दिव्याच्या आंत तारेची एक जाळी बसविली. जाळीवर थोडासा विद्युद्दाब कमीजास्त केला कीं दिव्यांतून जाणारा मोठा प्रवाह त्याच्याच तालावर कमीजास्त होतो. पाटाच्या तोंडाशीं असलेली लहानशी फळी माणूस दोन बोटांनीं वरखालीं करतो आणि शेतांत जाणारें पाणी त्याप्रमाणें चढतें-उतरतें, तसाच हा प्रकार. पुढें व्हॉल्व्हच्या जागीं ट्रान्झिस्टर आला, मग नखाएवढ्या चकतीवर शेंकडों ट्रान्झिस्टर आले. पण फळी आणि पाटाचें पाणी हें नातें तेंच राहिलें.

आतां प्रश्न असा कीं, वाढवावयाचेंच तर एक यंत्र पुरे, दोन कशासाठीं? याचें उत्तर खामगांवच्या माणसाला समजावयास सोपें आहे, कारण जिनिंग आणि प्रेसिंग हीं दोन निराळीं कामें आहेत हें तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. जिनांत कापूस येतो तो सरकीसकट. तेथें सरकी निघते, रुई मोकळी होते. प्रेसमध्यें त्याच रुईची दाबून गांठ बांधतात. जिनांत सरकीचे तुकडे, पाला, माती मागें राहिली तर प्रेस ती काढीत नाहीं. रुईबरोबर तीही घट्ट दाबली जाते आणि गिरणीपर्यंत जाते. प्रीअँप हा जिन आहे, हेडफोनचा अँप्लिफायर हा प्रेस आहे. पहिल्या पायरीवर जी खरखर, जी गुणगुण, जो बेसूरपणा आंत शिरला तो दुसऱ्या पायरीवर इमानेंइतबारें मोठा होतो. म्हणून पैसे थोडे असतील तर ते पहिल्या पायरीवर खर्चावे. दुकानदार बहुधा उलट सांगतात, कारण मोठ्या पेटीची किंमत मोठी असते.

पहिल्या पायरीवरचें काम किती नाजूक असतें तें पहा. तबकडीच्या खांचेंत सुई हलते आणि तिच्या टोंकाशीं असलेल्या चुंबकामुळें कार्ट्रिजच्या वेटोळ्यांत विद्युद्दाब उत्पन्न होतो. तो असतो साधारण पांच मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचा दोनशेंवा भाग. विजेरींतल्या एका सेलचा दाब याच्या तीनशें पट असतो. प्रीअँप हा दाब सुमारें शंभर पट करतो, तेव्हां तो अर्ध्या व्होल्टाच्या घरांत येतो आणि पुढच्या यंत्राला हाताळण्याजोगा होतो. हेडफोनच्या अँप्लिफायरचें काम त्यानंतर. हेडफोनच्या आंतील पडदा हलवावयास नुसता दाब पुरत नाहीं, प्रवाह लागतो. तो पुरविणें हें त्या दुसऱ्या यंत्राचें काम.

परंतु तबकडीच्या बाबतींत प्रीअँप केवळ शंभरानें गुणून थांबत नाहीं, आणि नातवाची पहिली चूक नेमकी येथें झाली. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर खांच इतकी रुंद झोके घेते कीं शेजारच्या खांचेंत शिरते. म्हणून कोरतांना खर्ज मुद्दाम दाबतात. उलटपक्षीं, अगदीं वरचे स्वर मुद्दाम उचलून कोरतात, म्हणजे वाजवितांना ते पुन्हां खालीं आणले कीं त्यांच्याबरोबर सुईची खरखरही खालीं येते. कोरतांना जें केलें त्याच्या बरोबर उलट वाजवितांना प्रीअँपनें करावयाचें, हा करार. १९५४ सालीं अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-व्यवसायाच्या संघानें, ज्याच्या आद्याक्षरांवरून त्याला आर. आय. ए. ए. म्हणतात, या कराराचें एक प्रमाण ठरविलें आणि पुढें जगानें तें स्वीकारलें. या प्रमाणाप्रमाणें, हजार कंपनांच्या ध्वनीशीं तुलना केली असतां, शंभर कंपनांचा खर्ज सुमारें साडेचार पट उचलला जातो आणि दहा हजार कंपनांचा तीव्र ध्वनि पांचव्या हिश्शावर आणला जातो. आज बाजारांत मिळणारा कोणताही साधा फोनो-प्रीअँप आपल्या पोटांत हाच करार घेऊन येतो.

आजीची तबकडी या कराराच्या पुष्कळ आधींची. भारतांतलें तबकडी-मुद्रण १९०२ सालीं कलकत्त्यास सुरू झालें, आणि १९२५ पर्यंत जगांत सगळीकडे गाणारा माणूस एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गात असे. वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. आवाजाच्या धक्क्यानेंच मेणावर सुई चाले. त्या पद्धतींत अडीच-तीन हजार कंपनांच्या पलीकडचें फारसें कांहीं उतरत नसे. 'स' आणि 'श' यांचा जीव त्याच्या वरच्या पट्टींत असल्यामुळें जुन्या तबकड्यांतून 'सखे' ऐकतांना 'फखे' ऐकल्यासारखें वाटतें तें यामुळेंच. त्यांत गाणाऱ्याचा दोष नाहीं. १९२५ नंतर मायक्रोफोन आला, खर्ज आणि वरचे स्वर दोन्ही उतरूं लागले. पण दाबावें किती आणि उचलावें किती हें प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनें ठरवी. अशी तबकडी आजच्या प्रमाणाच्या प्रीअँपवर लावली तर काय होईल? जें कधीं उचललेंच नव्हतें तें यंत्र खालीं आणतें, आणि जें दाबलें नव्हतें तें वर उचलतें. गाणारा गोधडी पांघरून गातो आहे आणि त्याच्या पायांखालीं कोणी जातें फिरवीत आहे, असा भास होतो. आजीनें ऐकलें तें हें.

दुसरी चूक सुईची. लाँगप्ले तबकडीच्या सुईचें टोंक मिलिमीटरच्या सुमारें चाळिसाव्या हिश्शाएवढें असतें. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची खांच त्याच्या तिप्पट सुई मागते. लहान सुई मोठ्या खांचेंत घातली कीं ती भिंतींना न टेंकतां तळाशीं घसरत जाते, आणि तळाशीं असते ती फक्त शंभर वर्षांची धूळ आणि पोलादी सुयांनीं पाडलेला चुरा. प्रीअँपवर किती बटणें फिरवलीं तरी ही चूक तेथें सुधारत नाहीं. जिनांत आलेला माल मुळांतच दुसऱ्याच शेताचा असावा, तसें हें आहे.

नातवानें सुई बदलली. प्रीअँपवर 'मोनो' अशी एक कळ होती, ती दाबली. ही कळ लहान दिसते पण तिचें काम मोठें आहे. जुन्या तबकडींत गाणें खांचेच्या आडव्या हालचालींत असतें. उभी हालचाल म्हणजे निव्वळ खड्डे-उंचवटे. आजची कार्ट्रिज दोन्ही हालचाली टिपते. दोन्ही बाजू एकत्र केल्या कीं आडवी हालचाल एकमेकींत मिळते आणि उभी हालचाल एकमेकींना खाऊन टाकते. खरखर एकदम कमी होते आणि गाण्याला नखही लागत नाहीं. मग त्यानें आर. आय. ए. ए. ची जोडणी काढून सपाट जोडणी घेतली आणि खर्ज व तार यांचीं दोन निराळीं बटणें हातांत घेतलीं.

या दोन बटणांचा इतिहास मनोरंजक आहे. पीटर बॅक्झंडल नांवाच्या इंग्रज अभियंत्यानें १९५२ सालच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत एक साधी मांडणी प्रसिद्ध केली, आणि तिच्यापासून निघालेलीं खर्ज-तारेचीं बटणें जगांतील लक्षावधी यंत्रांवर बसलीं. पण बटण मिळालें म्हणजे तें फिरविलेंच पाहिजे असें नाहीं. खर्ज सहा डेसिबलनें उचलला तर विद्युद्दाब दुप्पट लागतो आणि शक्ति चौपट. हेडफोनचा अँप्लिफायर आधींच काठोकाठ भरलेला असेल तर तो तेथें फाटतो, आणि मग लोक हेडफोनला दोष देतात. उचलण्यापेक्षां नको तें थोडें खालीं आणावें आणि मग एकंदर आवाज वाढवावा, हा शहाणपणाचा क्रम.

येथें कोणी म्हणेल कीं, मूळ आवाजाला हात लावणें हेंच मुळीं पाप आहे. जसें आहे तसें ऐकावें. हा आग्रह ऐकावयास उदात्त वाटतो, पण आपल्या संगीताला तो पटणारा नाहीं. तंबोऱ्याची जवारी लावणारा काय करतो? घोडीच्या पृष्ठभागाला अत्यंत सूक्ष्म असा उतार देतो आणि तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा एक धागा सरकवितो. धागा केंसभर पुढेंमागें झाला कीं मुकी तार बोलूं लागते, मूळ षड्जाच्या पोटांतून तार षड्ज, पंचम, आणि नशीब असेल तर स्वयंभू गांधार बाहेर येतो. ती तार गायकाच्या कानासाठीं घडविलेली असते. मिरजेच्या कारागिरांनीं या विद्येंत पिढ्यान् पिढ्या घालविल्या. तेथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. तेव्हां ध्वनि घडविणें हें आपल्याला परकें नाहीं. प्रश्न इतकाच कीं, घडविणाऱ्याला तो मूळ सूर माहीत आहे कीं नाहीं.

व्हॉल्व्हच्या प्रीअँपबद्दल लोक जें प्रेमानें बोलतात त्याचें मर्मही या जवारींत आहे. व्हॉल्व्ह मूळ ध्वनींत थोडी भर घालतो, आणि ती भर मुख्यतः दुप्पट कंपनांची असते. म्हणजे षड्ज गेला तर त्याचा तार षड्ज किंचित् मिसळून येतो. तो सुरेलच असल्यामुळें कानाला खुपत नाहीं. आवाज भरदार, ऊबदार वाटतो. तिप्पट कंपनांची भर पडली तर तारसप्तकांतला पंचम येतो, तोही सुसह्य. त्यापुढचे विषम भाग वाढूं लागले कीं मात्र आवाज कर्कश होतो. म्हणून व्हॉल्व्हचा प्रीअँप आणि त्यापुढें स्वच्छ ट्रान्झिस्टरचा हेडफोन-अँप्लिफायर ही जोडी पुष्कळांना मानवते. मात्र ती भर मूळ गाण्यांत नव्हती हें ऐकणाऱ्यानें विसरूं नये. जुन्या तबकडीवर कर्ण्याची भर आधींच आहे, तींत व्हॉल्व्हची आणखी घालावी कीं नाहीं हा रुचीचा प्रश्न आहे, ज्ञानाचा नव्हे.

जोडीचा विषय निघाला म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी. प्रीअँपवर आवाजाचें एक बटण असतें आणि हेडफोनच्या अँप्लिफायरवर दुसरें. दोन्ही पुरतीं उघडण्याची आवश्यकता कधींच नसते. पहिलें अगदीं खालीं ठेवून दुसरें टोंकाला नेलें तर दुसऱ्याची स्वतःची खरखर ऐकूं येते. पहिलें टोंकाला नेलें तर दुसरें केंसभर हलवितांच कानठळ्या बसतात. पहिलें मध्याच्या थोडें वर असूं द्यावें आणि रोजचें कमीजास्त दुसऱ्यावर करावें. दुसरी गोष्ट रोधाची. हेडफोन सोळा ओहमपासून सहाशें ओहमपर्यंत मिळतात. अँप्लिफायरचा आपला रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा असा एक सर्वमान्य आडाखा आहे. तो न पाळला तर कांहीं हेडफोनांत खर्ज अकारण फुगतो आणि ऐकणारा त्यालाच 'दमदार आवाज' समजतो.

आणि चांदीच्या तारांविषयीं खामगांवकरांना तरी कोणी फसवूं नये. हेडफोनला चांदीची तार लावली कीं आवाज चंदेरी होतो असें सांगून तांब्याच्या कित्येक पट किंमत घेणारे व्यापारी आहेत. चांदी ही विजेची सर्वांत उत्तम वाहक खरी. पण तांब्यापेक्षां किती? शेंकडा पांच-सहा. तांब्याची तार तेवढीच जाड घेतली कीं हिशोब मिटला. खामगांवच्या चांदीचा लौकिक ताटवाट्यांवर आणि देवाच्या भांड्यांवर उभा आहे. तेथेंच तो शोभतो.

सुई बदलली, जोडणी बदलली. आतां नातवाचें सर्व लक्ष खरखरीवर गेलें. हेडफोनमध्यें ती फार जवळ येते. खोलींतील लाउडस्पीकरचा आवाज भिंती, पडदे, गाद्या यांतून गाळून येतो. हेडफोनला गाळणी नसते, आणि एकमार्गी तबकडीचा गाणारा तर डोक्याच्या अगदीं मध्यभागीं येऊन उभा राहतो. नातवानें तारेचें बटण खालीं नेलें, संगणकावर खरखर पुसण्याचें साधन लावलें आणि तासाभरानें गाणें धुऊन काढल्यासारखें स्वच्छ केलें. त्यांत खरखर उरली नाहीं. पण तानेच्या आधींचा श्वास, पेटीच्या भात्याची हलकी धाप आणि तबल्याच्या चाटेवरचें बोट हेंही उरलें नाहीं. या साधनांना खरखर आणि श्वास यांतील भेद थोडाच कळतो, आणि हांवरेपणानें वापरलीं कीं तीं दोन्ही नेतात. म्हणून जुन्या ध्वनिमुद्रणांचें जतन करणारे जाणते लोक एक पथ्य पाळतात: तबकडीवरून प्रथम जी प्रत उतरवावयाची ती कोणतीही घडण न करतां, सेकंदाला ९६,००० नमुने व २४ बिट अशा मापानें उतरवून बाजूला ठेवावयाची, मग हव्या तितक्या घडणी निराळ्या प्रतीवर कराव्या. आजची रुचि उद्यां बदलते. मुंबईंत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था आहे. अशा मंडळींमुळेंच पुष्कळ नाट्यगीतें आणि बैठकीचीं गाणीं आज ऐकावयास शिल्लक आहेत. माळ्यावरची ट्रंक भंगारवाल्याला देण्यापूर्वीं कोणा जाणत्याला दाखवावी हें या ठिकाणीं सांगितलें पाहिजे.

गंमत अशी कीं, ज्या खरखरीसाठीं नातवानें तास घालविला ती आजीला ऐकूंच येत नव्हती. वय वाढतें तसे कानाचे वरचे स्वर प्रथम जातात. ऐंशी वर्षांच्या कानाला सहा-आठ हजार कंपनांची सळसळ बहुधा पोंचत नाहीं. तिला अडचण होती ती निराळीच: दोन-तीन हजारांच्या पट्टींतील व्यंजनें तिला पुसट लागत, आणि आवाज वाढविला कीं एकदम टोंचत. म्हाताऱ्या कानाचा हा स्वभावच आहे; हलकें ऐकूं येत नाहीं आणि मोठें सहन होत नाहीं, मधली जागा अरुंद. अशा वेळीं सगळाच आवाज वाढविणें म्हणजे अंधुक अक्षर दिसत नाहीं म्हणून कागदावर मशाल धरण्यासारखें आहे. नेमकी जी पट्टी उणी आहे तीच थोडी उचलावी आणि बाकीची तशीच ठेवावी. निराळा प्रीअँप असल्याचा खरा उपयोग येथें होतो.

हेडफोनच्या आवाजाबद्दल तरुणांच्या घरांतही कांहीं सांगितलें पाहिजे. दोन व्होल्टांचा दाब बत्तीस ओहमच्या हेडफोनला दिला तर १२५ मिलिवॉट शक्ति जाते. आणि पुष्कळ हेडफोन एका मिलिवॉटलाच शंभर डेसिबलपर्यंत चढतात. म्हणजे टेबलावरचें निरुपद्रवी दिसणारें यंत्र कानाशीं विमानाच्या इंजिनाइतका आवाज सहज करूं शकतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत सुरक्षित आहे. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, आणि शंभर डेसिबलला आठवड्यांतून अवघीं वीस मिनिटें उरतात. स्वच्छ यंत्राचा धोका असा कीं आवाज फाटत नसल्यामुळें तो मोठा झाला आहे हें कळतच नाहीं. गेलेला कान परत येत नाहीं.

नातवानें तिसऱ्या दिवशीं आपली स्वच्छ केलेली प्रत बाजूला ठेवली आणि पुन्हां तबकडीच लावली. खरखर जशी होती तशी. दोन-तीन हजारांची पट्टी थोडी वर, खर्ज थोडा खालीं, हेडफोनचें बटण पाव फेऱ्यावर. आजीनें डोळे मिटले. या वेळीं तिनें हेडफोन काढला नाहीं, पण एक कडवें झाल्यावर ती म्हणाली, "आवाज आला. पण सूर चढा लागतो."

नातवाला हें खरें वाटेना. आजी गायिका नव्हे. पण तिनें कारण सांगितलें. तिचे वडील तबकडी लावीत तेव्हां समोर बाजाची पेटी घेऊन बसत, आणि चावीच्या ग्रामोफोनचा वेग दर्शविणारा कांटा इकडेतिकडे करून तबकडी पांढरी पांचला आणून मग तिच्याबरोबर गात. "आणि ही तर काळी चारला चाललीय," ती म्हणाली. घरांतली पेटी अजून होती. दोन-चार स्वर मुके झाले होते, पण पांढरी पांच बोलत होती. लावून पाहिली. आजीचें खरें निघालें.

त्याचेंही कारण आहे. 'अठ्ठ्याहत्तर फेरे' हें नांव सर्व जुन्या तबकड्यांना सरसकट चिकटलें, पण कर्ण्याच्या काळांत मुद्रण करणारा दिवसाच्या हवेप्रमाणें आणि गाण्याच्या लांबीप्रमाणें सत्तरीपासून ऐंशीच्या वरपर्यंत कोणताही वेग धरी, आणि पुष्कळ तबकड्यांवर तो छापलेलाही नसे. चौऱ्याहत्तर फेऱ्यांवर गायिलेलें गाणें अठ्ठ्याहत्तरवर वाजविलें तर तें जवळजवळ एका श्रुति-पट्टीनें, म्हणजे पांढरीवरून शेजारच्या काळीवर, चढतें. आणि नुसता सूरच नव्हे, गाणाऱ्याचें वयही बदलतें, चाळिशीचा माणूस विशीचा वाटूं लागतो. प्रीअँप, हेडफोन, व्हॉल्व्ह, यांपैकीं कोणालाही हें सुधारतां येत नाहीं. येथें अमेरिकेच्या शास्त्रज्ञांची एक गोष्ट आठवते. १९७७ सालीं त्यांनीं व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळांत पाठविली. तींत गोमंतकाच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. कोणा परग्रहवासीयाला ती सांपडली तर अडचण पडूं नये म्हणून सोबत कार्ट्रिज आणि सुई दिली, आणि वेष्टनावर तबकडी फिरविण्याचा वेग हायड्रोजनच्या अणूच्या कालमापांत चित्रानें लिहिला. ताऱ्यांपलीकडच्या श्रोत्याची इतकी काळजी घेतली गेली. पृथ्वीवरच्या नातवाला मात्र आजीच्या वडिलांच्या पेटीवर अवलंबून राहावें लागलें.

वडिलांनीं धरलेला सूर हाच गाणाऱ्याचा मूळ सूर होता असें छातीठोक म्हणतां येणार नाहीं. कदाचित् त्यांनीं तो आपल्या गळ्याच्या सोयीनें उतरविला असेल. नातवाला हें सुचलें, पण त्यानें बोलून दाखविलें नाहीं. मोकळ्या प्रतीच्या टिपणांत त्यानें दोन्ही वेग लिहून ठेवले आणि टर्नटेबलचा कांटा चौऱ्याहत्तरवर आणला.

पद पुन्हां सुरू झालें. आवाज आतां भरीव, थोडा जड, चाळिशीच्या माणसाचा होता. त्या काळीं तबकडीच्या शेवटीं गाणारा आपलें नांव मोठ्यानें सांगत असे, कारखान्यांत कोणाची तबकडी कोणाच्या नांवावर जाऊं नये म्हणून. गाणें संपलें, क्षणभर नुसती खरखर राहिली, आणि कर्ण्यांतून तें नांव यावयाच्या आधींच आजीनें तें उच्चारलें. मग हेडफोन तसाच कानांवर ठेवून तिनें हातानें खूण केली, आणि तबकडी उलटी करावयास सांगितली.